पांघरूण कुणावर घालायचं

मी एक जुनी घोंगडी आहे. रंग राखाडी, कडेला दोन काळे पट्टे, दोन्ही टोकांना दशा. एका टोकाच्या दशांच्या कुणीतरी बारीक बारीक वेण्या घातलेल्या आहेत आणि एक कोपरा तेवढा मोकळा सोडला आहे. तो मोकळा का आहे हे सांगायला मी आज बसले आहे. एरवी घोंगडीला कोण विचारतं, मित्रांनो? थंडी वाजली की आठवण, ऊन तापलं की माळ्यावर.

एक आधीच सांगून ठेवते. मी जरा फटकळ आहे. अस्सल लोकर अंगाला टोचतेच. मऊ मऊ बोलणारी पांघरुणं हवी असतील तर दुकानात पुष्कळ मिळतात.

माझा जन्म एका लोकरीच्या गिरणीत झाला. मागावरून मला उतरवलं तेव्हा तिथल्या कामगार बाईनं माझ्यावरून तळवा फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गं, कशी दाट झालीय. जिच्या अंगावर पडेल तिला हिवाळा कळायचा नाही." मला काय, तेवढं पुरलं. आपण कुणाची तरी थंडी घालवायला जन्माला आलो, ही खूणगाठ मी तेव्हाच बांधली. मग आमचे गठ्ठे झाले, गठ्ठे ट्रकवर चढले आणि ट्रक एका उंच भिंतीच्या आत गेला.

तो बायकांचा तुरुंग होता. तिथे चोरी केलेल्या, मारामारी केलेल्या बायका होत्या. आणि काही अशा होत्या की त्यांनी नुसता एक प्रश्न विचारला होता. त्या वेळी त्या देशात माणसं घरातून, कामावरून उचलून नेली जात आणि परत येत नसत. ती कुठे आहेत असं सरकारला विचारणारा माणूसही मग उचलला जाई.

आमचा मुक्काम मात्र बायकांच्या बराकीत पडला नाही. तो पडला कोठारात. कोठार सांभाळणाऱ्या माणसाच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असे, म्हणून सगळे त्याला कुलूपकाका म्हणत. माणूस तसा वाईट नव्हता. काही घरांत चांगल्या कपबश्या कपाटात असतात आणि घरची माणसं कान तुटलेल्या कपातून चहा पितात ना, त्यातली गत. "वापरली की खराब होतात," असं तो आमच्याबद्दल मनापासून म्हणे. घड्या घालून, घडीघडीत डांबरगोळ्या ठेवून त्यानं आम्हाला फळीवर रचलं आणि दाराला कुलूप घातलं.

सगळ्या कैद्यांना पुरतील एवढ्या घोंगड्या गिरणीतून निघाल्या होत्या. कोठारात पोचलो त्या एका बराकीपुरत्याच. बाकीच्या वाटेत कुठे उतरल्या कोण जाणे. त्यातली एक मला नंतर तुरुंगाच्या साहेबांच्या गाडीत दिसली. चांगली सीटवर पसरली होती. तिनं मला ओळखसुद्धा दाखवली नाही.

वर्षातून एखाद्या वेळी सरकारचे मोठे अधिकारी तपासणीला येत. त्या दिवशी आम्ही बाहेर. पहिल्या बराकीत प्रत्येक जागेवर एकेक घोंगडी अंथरली जाई. अधिकारी दारातूनच डोकावत, "वा, व्यवस्था उत्तम आहे," असं तोंड भरून कौतुक करत आणि जेवायला निघून जात. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर लोकर चढायची. कौतुक कुणाला नको असतं? पण संध्याकाळ झाली की पहारेकरणी यायच्या, आम्हाला ओढून काढायच्या आणि पुन्हा डांबरगोळ्या.

दर वेळी माझी जागा एकच असे. दाराजवळची, एका आजींची. त्यांचा नातू विजेच्या तारा जोडायचं काम करायचा. एका दुपारी तो शिडीवर चढलेला असताना एक गाडी आली, चार माणसं उतरली आणि त्याला खाली बोलावून घेऊन गेली. आजी सगळ्या कचेऱ्या फिरल्या. जो तो म्हणे, आमच्याकडे नाही. मग त्या नातवाचा फोटो घेऊन सरकारी इमारतीसमोरच्या चौकात जाऊन उभ्या राहिल्या. आधी एकट्या होत्या. हळूहळू फोटो घेतलेल्या आणखी बायका शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग एक दिवस सगळ्यांनाच उचललं.

आजींना स्वस्थ बसायची सवय नव्हती. घरी एक नात होती आणि रोज सकाळी तिची वेणी आजीच घालत. हात रिकामे राहिले की त्यांची बोटं आपोआप चालू लागत. मला पहिल्यांदा त्यांच्या मांडीवर टाकलं तेव्हाच त्यांना माझ्या दशा सापडल्या. तीन दशा घेतल्या, एकावर एक टाकत वेणी घातली, शेवटाला गाठ मारली. संध्याकाळी पहारेकरणी मला न्यायला आल्या तेव्हा आजींनी घाईघाईनं ती सोडली. सरकारी वस्तूचं नुकसान म्हणून शिक्षा व्हायची एखादे वेळी.

शेजारच्या जागेवर एक परिचारिका होती. तिला सगळ्या सिस्टर म्हणत. त्या चौकात एकदा गोळीबार झाला होता. दवाखान्यात जखमी आले, तेव्हा कागदावर 'पडून लागलं' असं लिहायचा हुकूम होता. हिनं विचारणाऱ्याला सांगून टाकलं की गोळ्या लागल्यात. झालं.

"सिस्टर, घोंगडी किती गुबगुबीत आहे गं," आजी म्हणाल्या.

"आहे, पण आपली नाही. पाहुणी आहे ती. संध्याकाळपर्यंत काय ऊब घ्यायची ती घेऊन टाका."

तिसऱ्या हिवाळ्यात आजींना खोकला लागला. खाली दगडी फरशी, वर पातळ चादर. खोकता खोकता त्यांचं सगळं अंग गोळा होई. सिस्टरनं पहारेकरणीला गाठून साफ सांगितलं, "हा खोकला छातीत उतरतोय. या बाईच्या अंगावर पांघरूण आलं नाही तर ही हिवाळा काढायची नाही." पहारेकरीण म्हणाली, "साहेबांना सांगते." साहेब म्हणाले, बघू. आणि मी फळीवर घडीत पडून होते. मला लाज वाटायची हो. एवढी दाट लोकर अंगावर वागवायची आणि तिचा कुणाला उपयोग नाही.

अशातच साहेब स्वतः कोठारात आले. हातात एक पत्र होतं.

"काका, इतकी वर्षं हे भिजत घोंगडं पडलं होतं. आता ते दारात येऊन उभं राहिलंय."

मला रागच आला. मी कोरडी ठणठणीत, आणि भिजत घोंगडं कुणाला म्हणतात? पण घोंगडं म्हणजे मी नव्हे. अनेक देशांनी मिळून नेमलेलं एक मंडळ होतं. कुठलं सरकार आपल्याच माणसांना छळतंय असं कानावर आलं की तिथे जायचं, तुरुंग बघायचे, कैद्यांशी बोलायचं आणि जे दिसेल ते लिहायचं, हे त्या मंडळाचं काम. आमच्या सरकारनं त्यांना आज या, उद्या या करत झुलवलं होतं. शेवटी हो म्हणावं लागलं. आणि या लोकांना दारातून डोकावून भागणार नव्हतं. तिन्ही बराकी बघायच्या होत्या.

"साहेब, घोंगड्या एकाच बराकीपुरत्या आहेत," कुलूपकाका म्हणाले.

"माहीत आहे मला. पाहुणे तिन्ही बराकींत एकदम थोडेच शिरणार आहेत? एक झाली की मी त्यांना कचेरीत चहाला नेतो. तोवर तुम्ही मागच्या अंगणातून घोंगड्या पुढच्या बराकीत न्या. चहा आटोपला की दुसरी. मग पुन्हा चहा."

काकांनी मान डोलावली. त्यांना चिंता वेगळीच होती. एवढ्या धावपळीत आमच्या घड्या मोडतील, हे त्यांना दिसत होतं.

मंडळाची माणसं आली ती तीनच. एक वयस्क डॉक्टरबाई, बुटक्या, पायात जाड बूट. त्यांच्याबरोबर एक दुभाषी, पोक काढून चालणारे, चष्म्याला दोरी बांधलेली, पूर्वी व्याकरण शिकवायचे. आणि गाडी चालवणारी एक उंच ताई, ती फारसं बोलत नसे. डॉक्टरबाईंनी आल्या आल्या पहिलं काम केलं ते पहारेकरणींना दाराबाहेर काढायचं. कैद्यांशी बोलताना तुरुंगाचं माणूस जवळ नको, हा त्यांचा नियम होता.

त्या बुटांसकट फरशीवर आजींसमोर बसल्या. बूड गार पडलं असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

दुभाष्यांची एक पद्धत मला आधी कळेचना. समोरचा जे बोलेल ते हे गृहस्थ 'मी' म्हणूनच सांगायचे. आजी म्हणाल्या, "माझा नातू हरवलाय," तर हेही डॉक्टरबाईंच्या भाषेत म्हणाले, "माझा नातू हरवलाय." मी म्हटलं, अरेरे, यांचाही का? त्याआधी दारात साहेब म्हणाले होते, "मी कैद्यांना घरच्यासारखं ठेवतो," तेव्हा हेच महाशय तितक्याच शांतपणे म्हणाले होते, "मी कैद्यांना घरच्यासारखं ठेवतो." मग उलगडलं. दुभाष्याला स्वतःचं मत नसतं. ज्याचा शब्द त्याच्याच 'मी'सकट जसाच्या तसा पलीकडे पोचवायचा. तुम्ही विचाराल, घोंगडीला त्या परक्या बाईंची भाषा कशी कळली? जो जवळ येऊन बसतो त्याचं आम्हाला कळतं, एवढंच सांगते.

आजी नातवाबद्दल भरभरून बोलल्या. त्याचं नाव नीट लिहून घ्या म्हणाल्या. त्याला शिडीवर चढायची भीती वाटायची आणि तरी तो तेच काम करायचा, हेही सांगितलं. बोलताना त्यांची बोटं माझ्या दशांत चालली होती. डॉक्टरबाई त्या बोटांकडे बघत होत्या.

"तुम्हाला इथे थंडी वाजते का?" त्यांनी विचारलं.

आजींनी दाराकडे पाहिलं. मागे एकीनं तपासणीत तोंड उघडलं होतं, तर तिला अंधारकोठडी दाखवली होती. आजींच्या छातीला तसली कोठडी सोसणारी नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"नाही हो. सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि खोकल्या.

"नाही हो. सगळं ठीक आहे," दुभाषी म्हणाले. ते खोकले नाहीत. खोकल्याला भाषांतर लागत नाही.

डॉक्टरबाई उठल्या. साहेब चहाला बोलवायला दारात हजरच होते. पावलं लांब गेली तशा पहारेकरणी आत घुसल्या आणि जी तारांबळ उडाली म्हणता! मला आजींच्या हातातून हिसकलं, खांद्यावर टाकलं, अंगणातून पळत पळत दुसऱ्या बराकीत. दोघी तर चिखलात घसरल्या. पहिल्या बराकीत खाली नुसती फरशी उरली. आणि या सगळ्या गडबडीत आजींना वेणी सोडायला वेळच मिळाला नाही.

दुसऱ्या बराकीत मी मागच्या भिंतीशी पडले होते, डॉक्टरबाई पुढच्या बाजूला बसल्या. तिथलं निभावलं. पुन्हा चहा, पुन्हा आमची पळापळ. तिसऱ्या बराकीत मला मधल्या एका तरुण बाईच्या जागेवर अंथरलं आणि मित्रांनो, डॉक्टरबाई नेमक्या माझ्यावरच येऊन बसल्या. ती बाई आपलं सांगत होती. डॉक्टरबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात माझ्या दशांवर पडला आणि थांबला.

बारीक वेणी. शेवटाला गाठ.

त्यांनी मान न हलवता बराकभर नजर फिरवली. तेवढ्याच घोंगड्या, तेच काळे पट्टे, एकीला अंगणातला ओला चिखल. दुभाष्यांनीही वेणी पाहिली. त्यांचं तोंड उघडलं, तसा डॉक्टरबाईंनी त्यांच्या बाहीवर हात ठेवला. आणि मग काय केलं असेल? त्या तरुण बाईचं बोलणं तसंच ऐकत, तिच्याकडेच बघत, त्यांनी सावकाश ती वेणी सोडली. गाठ सोडली, एक पेड, दुसरा पेड, तिसरा. दशा बोटांनी सरळ केल्या. वेणी होती की नव्हती, कुणाला सांगता आलं नसतं.

मी मनात म्हटलं, ही बाईसुद्धा त्यांच्यातलीच निघाली. आयुष्यभर मला एकच काम मिळालं, झाल्या गोष्टीवर पांघरूण घालायचं, आणि आता तर पांघरुणावरही पांघरूण.

दुभाषी हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, पुरावा होता तो."

"पुरावा आपला आणि शिक्षा त्या आजींना," डॉक्टरबाई तशाच हलक्या आवाजात म्हणाल्या. "ही घोंगडी मी कशावरून ओळखली, असं साहेब विचारणारच. मग मी काय सांगू?"

"मग आता?"

"आता दुसरा रस्ता शोधायचा."

मी माझा शब्द मागे घेतला. इतक्या वर्षांत इतके अधिकारी माझं कौतुक करून गेले, पण आजींचा विचार त्यांतल्या एकानंही केला नव्हता.

साहेब हसतमुखानं आले. "चला, शेवटचा चहा घेऊ. मग तुम्हाला निरोप देतो."

"चहा घेईन की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याआधी एक करू. मला तिन्ही बराकी एकाच वेळी बघायच्यात. मी इथेच उभी राहते. दुभाषी दुसऱ्या बराकीत जातील आणि आमची गाडीवाली ताई पहिलीत."

"एकाच वेळी? ते कशासाठी?"

"वय झालं हो. एक बघेपर्यंत आधीचं विसरायला होतं."

साहेबांचा चेहरा पडला. "कुणी काही तक्रार केली का?"

"छे. मी विचारलं, त्या म्हणाल्या सगळं ठीक आहे."

साहेबांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. मी तिसऱ्या बराकीत डॉक्टरबाईंच्या बुटाखाली होते. मला उचलायचं तर आधी त्यांना उचलावं लागलं असतं. कुलूपकाका छताकडे बघत उभे होते, जणू तिथे काही मोजायचं राहिलंय. थोड्या वेळानं दुभाषी परत आले. "फरशी," म्हणाले. मागून ती ताई आली. ती तेवढंही बोलली नाही, गार पडलेले तळवे एकमेकांवर घासत उभी राहिली.

"ती पांघरुणं धुवायला काढलीत," साहेब म्हणाले.

दुभाष्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या थंडीत? मग वाळायला वेळ लागेल. मी पुन्हा येऊन बघेन."

"अवश्य या. तारीख तेवढी कळवा, म्हणजे तयारी ठेवता येईल."

"तारीख नाही सांगत. पण येईन, आणि याच बायकांना भेटेन. एकेकीला."

एवढं बोलून त्या चहा प्यायला गेल्या. मला वाटतं तो चहा साहेबांना कडू लागला असावा.

आणि मग गंमत बघा. डॉक्टरबाईंनी जाताना काही दिलं नाही, काही नेलं नाही, कुणाला धमकावलं नाही. नुसती तारीख सांगितली नाही. पण साहेबांची झोप उडाली. त्या उद्या आल्या तर? परवा आल्या तर? आठवडा सरायच्या आत कुठून कुठून घोंगड्या येऊ लागल्या. कुणाच्या घरून, कुणाच्या गोदामातून. साहेबांच्या गाडीतली आमची ती बहीणसुद्धा आली, पेट्रोलचा वास घेऊन. आता मात्र तिनं ओळख दाखवली.

मला आजींच्या अंगावर टाकलं. संध्याकाळ झाली, कुणी न्यायला आलं नाही. आजी जाग्याच होत्या. माझी किनार मुठीत धरून दाराकडे बघत होत्या. सिस्टर म्हणाली, "झोपा आता. ती कुठे जात नाही."

"पाहुणी ना गं ती?"

"मुक्कामाला राहिलीय."

हळूहळू आजींची मूठ सैल झाली. त्यांचं गोळा झालेलं अंग माझ्याखाली सरळ झालं, पाय पसरले. त्यांची ऊब मला लागली आणि माझी त्यांना. गिरणीतल्या त्या बाईचा शब्द खरा व्हायला इतकी वर्षं लागली. मला रडता आलं असतं तर मी त्या दिवशी खरोखरच भिजले असते.

खोकला हळूहळू उतरला. हिवाळा गेला. पण डॉक्टरबाई आल्या नाहीत, आणि त्या आल्या नाहीत म्हणून घोंगड्या उचलायची कुणाची छाती होईना. ऊन तापलं, भिंती तापल्या, तरी हुकूम एकच, प्रत्येक जागेवर घोंगडी दिसली पाहिजे. बायका घामानं निथळायला लागल्या. "आधी थंडीनं मारत होते, आता उबेनं मारतील," असं सिस्टर म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. कुलूपकाका रोज फेरी मारून जायचे. एकदा माझ्या कोपऱ्याला कसर लागलेली त्यांना दिसली, तर कितीतरी वेळ तिथे बोट फिरवत बसले होते.

अशा ऐन उन्हात डॉक्टरबाई आल्या. घोंगड्यांवर बसून वारा घेणाऱ्या बायका बघून त्या पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या. मग आजींसमोर बसल्या. या वेळी त्या ऐकायला नव्हे, ऐकवायला आल्या होत्या. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते वाचून दाखवायचं, नको असेल ते काढायचं, हाही त्यांचा एक नियम.

दुभाष्यांनी वाचलं, "बराकींमध्ये सर्वांना पुरतील एवढी पांघरुणं नव्हती." मग सरकारचं उत्तर वाचलं, "कथित थंडीच्या काळात कथित कमतरता आढळली असल्यास ती दूर करण्यात आली आहे."

"कथित थंडी?" सिस्टर म्हणाली. "मग आजींचा खोकलाही कथितच असणार." बराकभर हशा पिकला. दुभाष्यांनी तो हशा डॉक्टरबाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

मग त्यांनी पुढचं वाचलं. "या स्त्रीच्या नातवाचं कथित अपहरण."

आजींची बोटं थांबली. "हा तोच शब्द ना? सरकारनं वापरला तो?"

"तोच," दुभाषी म्हणाले.

"मग तुमच्या कागदात कसा?"

दुभाष्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "आजी, कथित म्हणजे कुणीतरी सांगितलेलं. आम्ही स्वतः पाहिलं नाही तोवर आम्हाला तो शब्द लावावा लागतो. घोंगड्या नाहीत हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तिथे तो नाही. तुमच्या नातवाला नेलं ते आम्ही पाहिलेलं नाही. आम्ही सरकारला विचारतोय. सरकार म्हणतं, असा कुणी माणूसच आमच्याकडे नाही."

आजींनी माझी किनार मांडीवर सरळ केली. मग म्हणाल्या, "मला इथे आणेपर्यंत मी रोज त्याचं अंथरूण घालत होते. आणि रोज सकाळी तीच न मोडलेली घडी उचलत होते. हेही कथित का?"

डॉक्टरबाईंनी दुभाष्यांकडे पाहिलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं. "मी रोज त्याचं अंथरूण घालत होते. मी रोज सकाळी तीच..." आणि तिथेच ते अडखळले. इतकी वर्षं लोकांचं 'मी' ते तोंडानं बोलत होते. त्या दिवशी ते त्यांना लागलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि वाक्य पुरं केलं, कारण अर्धं ठेवायची त्यांना परवानगी नव्हती.

डॉक्टरबाईंनी आजींचा हात धरला. "तो शब्द मला खोडता येत नाही. पण हे अंथरुणाचं मी तुमच्या शब्दांत लिहीन. आणि तो शब्द जाईपर्यंत विचारत राहीन. मी थकले तर माझ्या जागी येईल ते विचारेल."

आजी म्हणाल्या, "लिहा. माझं नाव घालून लिहा. आता मला खोकला नाही."

पुढल्या वर्षी आजींना आणि चौकातल्या बऱ्याच बायकांना सोडलं. सरकार म्हणालं, चांगल्या वागणुकीबद्दल. मंडळाचं नाव कुणी काढलं नाही. निघायच्या दिवशी घोंगडी परत करायला आजी कोठारापाशी आल्या. कुलूपकाकांनी मला उलटसुलट केलं, कसरीची भोकं बघितली.

"ही निकामी झाली," ते म्हणाले. "निकामी माल मी कोठारात घेत नाही. तुम्हीच कुठेतरी टाकून द्या." आणि पाठ फिरवून उगाच किल्ल्या मोजायला लागले.

अशी मी आजींच्या घरी आले. दिवसा त्या मला खांद्यावर टाकून फोटो घेऊन चौकात जात. संध्याकाळी नातवाच्या अंथरुणावर मला अंथरत. सकाळी उचलत. पुन्हा एकदा मी अशी घोंगडी झाले की जिच्याखाली कुणी झोपत नाही. पण कोठारातलं पडून राहणं वेगळं आणि हे वेगळं. तिथे मी काहीतरी लपवत होते. इथे मी कुणाची तरी जागा धरून आहे.

बसल्या बसल्या आजींनी माझ्या एका टोकाच्या सगळ्या दशांच्या वेण्या घातल्या. आता सोडायची भीती नव्हती. शेवटच्या कोपऱ्याशी आल्या आणि थांबल्या. नातीला म्हणाल्या, "हा राहू दे. त्याच्या नावापुढचा तो 'कथित' शब्द गेला, की घालीन."

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. डॉक्टरबाईही निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं, मग तिसरं. दर वर्षी मंडळाचं पत्र जातं, दर वर्षी सरकारचं उत्तर येतं, आणि नात ते उभ्या उभ्या वाचते. तो शब्द अजून तिथेच आहे.

मित्रांनो, मी एक जुनी, कसर लागलेली घोंगडी. माझं ऐकाल तर एवढंच करा. पांघरूण माणसावर घाला, झाल्या गोष्टीवर घालू नका. कुणी तुम्हाला नीटनेटकी खोली दाखवली तर क्षणभर खाली बसून बघा, फरशी गार आहे का. ज्यानं तुमच्यापाशी मन मोकळं केलं त्याला सांभाळा, मग भले हातातली वेणी सोडावी लागो. आणि परत येईन म्हणालात तर परत या.

माझा तो कोपरा अजून मोकळाच आहे. नात रोज सकाळी अंथरूण उचलताना तो बोटांनी विंचरून ठेवते, गुंता होऊ नये म्हणून.